बिनखुणेचा पान्हा

“सीटखाली हात घालायचा नाही हं, पत्रा कापतो,” असं मामांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि डाव्या तळव्यावरचा चार टाक्यांचा पांढरा व्रणही दाखवला होता. मी मान डोलावली आणि ते कानाआड केलं. त्या दिवसांत मला इतकं बजावलं जात होतं, की कानाआड केल्याशिवाय पुढच्या सूचनेला कानात जागाच झाली नसती. वाकू नकोस, भिजू नकोस, रडू नकोस, खदाखदा हसू नकोस, टाके आहेत. पुस्तक लांब धर, मोबाइल त्याहून लांब धर, मुलीला मात्र जवळ धर. बाळंतीण म्हणजे एक असं वाहन, की चालवणारी एकटी आणि मागे बसलेले सगळे रस्ता सांगणारे. त्यात सीटखालचा पत्रा हा सगळ्यांत बिनकामाचा इशारा. माझा हात तिथे जाईलच कशाला? मी साहित्याची पदवी घेतलेली, एकोणीस दिवसांची आई. आणि ती सीट होती आमच्या घराशेजारच्या शेडमधल्या एका म्हाताऱ्या लष्करी ट्रकची.

मामा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं बसच्या डेपोत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगाराच्या लिलावातून हा ट्रक उचलून आणला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “लोक म्हातारपणी काठी आणतात, आमच्याकडे हत्ती आणलाय.” हत्ती खरंच हत्ती होता. शेवाळी रंगाचा, दारापाशी गंजून जाळी झालेला, दोन्ही कुशींना एकेक पेट्रोलची टाकी. मामांनी दोन वर्षं त्याचा प्रत्येक अवयव काढला, घासला आणि परत बसवला. शेवटी इंजिन बोललं. पण धड चार मिनिटंसुद्धा नाही. कार्बोरेटरमध्ये वरून वाटीभर पेट्रोल ओतलं की खोकत, थरथरत चालायचं, ते संपलं की गप्प. एक टाकी काठोकाठ भरलेली, पंप नवा, नळ्या फुंकून साफ केलेल्या, तरी टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत येईना. मामांचे एक स्नेही होते, त्यांना आम्ही सगळे यादीवाले म्हणत असू. जुन्या लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांच्या जाडजूड याद्या त्यांच्याकडे होत्या, आणि जगात जे जे आहे ते यादीत आहे अशी त्यांची श्रद्धा होती. ट्रकच्या हत्यारपेटीतलं एकेक हत्यार उचलून ते त्यावरचा ठोकलेला नंबर वाचायचे, यादीत बरोबरची खूण करायचे आणि समाधानानं नाक पुसायचे. एकच हत्यार उरलं. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं, वीतभराहून थोडं लांब, चपट्या पोलादाचं. एका टोकाला चौकोनी तोंड, मधोमध कोपरासारखा बाक, दुसऱ्या टोकाला अंगठा टेकेल असा एक गुळगुळीत खळगा. नंबर नाही, कारखान्याचं नाव नाही, साधी रेघसुद्धा नाही. “यादीत नाही म्हणजे या गाडीचं नाही,” यादीवाले म्हणाले. “कुणीतरी चुकून टाकलंय पेटीत.” मामा म्हणाले, “चुकून टाकलेल्या वस्तूला कुणी फडक्यात गुंडाळत नाही.”

हे सगळं मला वरच्या खिडकीतून ऐकू यायचं. खिडकी शेडच्या बरोबर वर आणि मी दिवसभर खिडकीत, मांडीवर मुलगी. ती चार घोट प्यायची, सोडायची, लाल होऊन रडायची, पुन्हा धरायची. झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वासाची कोमट झुळूक आली की बोट काढायचं, वीस मोजायचे, पुन्हा धरायचं. नवरा म्हणायचा, “तिला झोपू दे, तू पहारेकरी आहेस का?” होते. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे ग्रॅम होती, आणि एकोणिसाव्या दिवशी दोन किलो सातशे. वजन करणाऱ्या सिस्टरनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या गोड आवाजात “आणखी एक आठवडा बघू या, नाहीतर वरचं सुरू करू” म्हणाल्या, की तो गोडवाच मला खुपला. वरचं म्हणजे डबा. डब्यात वाईट काही नाही, नवरा स्वतः डब्यावर वाढलाय आणि चांगला आडदांड झालाय. पण घरी येताना मला सारखं वाटत राहिलं, की माझी टाकी भरलेली असून कुठेतरी वाटेतच काहीतरी अडलंय. त्यात सासूबाईंचा रोजचा प्रश्न. त्या प्रेमानंच विचारायच्या, सकाळी एकदा, दुपारी एकदा, दाराच्या चौकटीत उभ्या राहून, हात पदराला पुसत. “आला का गं पान्हा?” आणि मी रोज नापास झालेल्या मुलीसारखी म्हणायची, “बघते.”

त्या एकोणिसाव्या दिवशी दुपारी दारावर घंटा वाजली. सासूबाई न्हाणीघरात होत्या. मी मुलीला खांद्यावर टाकून जिन्यापर्यंत आले, तेवढ्यात शेडमधून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा फिटरच्या आवाजात मामा ओरडले, “सूनबाई, पान्हा आला का गं?”

मी जिन्यातच बसले. आता मामासुद्धा! मला हुंदका आवरेना. माझं अंग आता घराचंही उरलं नव्हतं, गल्लीचं झालं होतं. उद्या दूधवाला विचारील, परवा पोस्टमन. मुलगी खांद्यावरून माझं रडणं ऐकून स्वतःचं रडणं विसरली. मामा पायऱ्यांशी आले. हातात ग्रीस, चेहऱ्यावर गोंधळ. त्यांनी त्या खळग्याच्या हत्याराशी ताडून पाहायला चौकोनी तोंडाचा एक जुना पान्हा दुसऱ्या गावाहून मागवला होता, आणि दारात तो घेऊन माणूस उभा होता. हे त्यांनी मला सांगितलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग काहीतरी उमगून त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. एकतीस वर्षं डेपोत रोज शंभर वेळा उच्चारलेला शब्द त्यांच्या घशात आडवा झाला. “म्हणजे ते… आपलं… नट फिरवायचं,” ते म्हणाले. “लोखंडाचं.” आणि पाठ फिरवून जवळजवळ पळालेच.

तेव्हापासून मामांनी पान्हा हा शब्द टाकून दिला. खिडकीतून ऐकू यायचं, “अहो, ते बाराचं द्या.” “बाराचं काय?” “ते हो, फिरवायचं!” यादीवाले चक्रावले. सासूबाईंना सारं कळल्यावर त्या तोंडात पदर कोंबून हसल्या, इतक्या हसल्या, की मलाही हसू फुटलं आणि टाके दुखले. पुढे कित्येक वर्षं त्या हे सांगत राहणार, हे मला त्याच क्षणी दिसलं. मला मामांची कणव आली. भाषेनं त्यांच्या पेटीतलं सगळ्यांत लागणारं हत्यार काढून घेतलं होतं, आणि ते माझ्यासाठी. त्या संध्याकाळी मी आपण होऊन शेडमध्ये गेले. दारं सताड उघडी होती, वारा खेळत होता, तरी मी आधी पेट्रोलचा वास कितपत येतो ते दारातच उभी राहून हुंगून पाहिलं. मुलगी ट्रकचं ते शेवाळी धूड पाहून गप्प झाली. डोळे मोठे करून ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि ट्रकही आपल्या दोन आंधळ्या दिव्यांनी तिच्याकडे. “बसा वर,” मामा म्हणाले. “चालवणाऱ्याच्या सीटला पाठ उंच आहे. आराम वाटेल.” आणि मग तो पत्र्याचा इशारा.

सीट खरंच छान होती. पाठीला आधार, उजव्या कोपराला दाराची कड. मुलगी उजव्या हाताच्या वाटीत नीट मावायची. डावा हात मोकळा. मी डावरी आहे. शाळेत बाईंनी पहिली दोन वर्षं माझा डावा हात बाकाखाली दाबून धरायला लावला होता, आणि मी उजव्या हातानं अशी अक्षरं काढायची, की आई म्हणायची, मुंगी शाईत पडून चालत गेलीय. तिसरीतल्या बाईंनी काही न बोलता पेन्सिल माझ्या डाव्या हातात ठेवली. ते पेन्सिलीचं पहिलं बसणं मला अजून आठवतं. बोटांना काही सांगावं लागलं नाही. तसंच त्या दिवशी झालं. मामांनी ते बिनखुणेचं हत्यार माझ्यापुढे धरलं, “बघ, तू शिकलेली आहेस, काही सुचतं का,” आणि मी डाव्या हातानं घेतलं. अंगठा खळग्यात गेला. कुणाच्या तरी अंगठ्यानं घासून घासून केलेली ती जागा, थंड, आतून आरशासारखी. मामांनी आणि यादीवाल्यांनी ते कायम उजव्या हातात धरलं होतं आणि दोघंही म्हणत होते, वाकडं आहे. “मामा, हे डावऱ्या माणसाचं आहे,” मी म्हटलं. शेजारीच उभे असलेले यादीवाले हसले. “सूनबाई, सैन्यात डावं-उजवं नसतं. यादी असते.” मामा हसले नाहीत. त्यांनी हत्यार परत घेतलं, आपल्या डाव्या हातात धरून पाहिलं आणि नुसतं “हं” म्हणाले. कॉलेजात परीक्षेला एक अनोळखी उतारा यायचा, लेखकाचं नाव काढून टाकलेला. लिहिणारा ओळखा. मी नेहमी वाक्य कुठे श्वास घेतं ते बघायची. कारखान्यात बनलेलं हत्यार श्वास घेत नाही. हे घेत होतं. कुणीतरी गाडीच्या जुन्या कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या, पट्टीचा तुकडा कानशीनं घासून घासून हे स्वतः केलं होतं. पण कशासाठी?

मग रोज दुपारी मी शेडमध्ये. सासूबाई म्हणायच्या, “नवरा गाडीखाली, सून गाडीवर, मी बापडी घरात एकटी,” आणि पेजेची वाफाळती वाटी सीटपर्यंत आणून द्यायच्या. मी प्यायची, मुलीला पाजायची, आणि मोजायची. किती घोट, किती मिनिटं, कोणत्या बाजूला. एका वहीत लिहूनसुद्धा ठेवायची. चार मिनिटं. तीन. चार. एकदा पाच, पण त्यातलं एक झोपेचं. सोमवारी, म्हणजे वजनाच्या आदल्या दिवशी, मी शेडच्या दारात पोचते न पोचते तोच मामांचा वैतागलेला आवाज आला, “वरचं पाजून पाजून किती दिवस जगवणार हिला? हिचं हिला आलं पाहिजे!” मी चौकटीतच थांबले. मग बॉनेट आपटल्याचा आवाज, आणि यादीवाले, “अहो, पण टाकीपासूनच्या दोन्ही नळ्या तुम्ही पाहिल्यात ना?” “पाहिल्या. पत्र्याखाली जातात, तिथे दोन्ही एकत्र होतात, पुढे एकच येते. साधा टीच्या आकाराचा जोड आहे.” “डोळ्यांनी पाहिलात टी?” “हात घातला तर हात फाडला त्यानं. टी नाही तर काय असणार तिथे?” मी दारातच हसायला लागले, एकटीच. मुलगी दचकली. मामांनी मान काढून पाहिलं, आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि कान पुन्हा लाल. “गाडीबद्दल बोलत होतो हं,” ते पुटपुटले, आणि दोघंही हात धुवायला बाहेरच्या नळाकडे गेले. मी वर चढले, मुलीला घेतलं, पाठ टेकली. अंगात अजून हसू रेंगाळत होतं, चपट्या दगडानं पाण्यावर भाकऱ्या काढल्यावर तरंग उरतात तसं.

वही आणायला विसरले होते. मोजायला काही नाही. मोकळा डावा हात काय करणार? तो सीटच्या कडेनं खाली उतरला. पत्रा कापतो हे मला आठवलं, पण ज्या आवाजात माणसाला ‘दार लावून घे’ आठवतं त्या आवाजात. बोटं सावकाश सरकली. आधी धूळ, मग पत्र्याची खरखरीत कड. तिला वळसा घातला. मग एक फट. दोन बोटं जातील एवढी, कुणीतरी मुद्दाम कापलेली, कारण तिच्या कडा घासून गोल केलेल्या होत्या. मामांचा हात चुकीच्या बाजूनं गेला असणार, समोरून. ही फट बसलेल्या माणसाच्या हातासाठी होती. फटीत आत, बोटांच्या टोकांना लागलं काहीतरी उभं, थंड, पितळेचं असावं असं मऊ. मी त्याच्याभोवती बोट फिरवलं. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. चौकोनी. डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं, आणि तरी मला सगळं दिसलं. रस्ता खड्ड्यांचा, गाडी चालू, मागे माणसं बसलेली, एक टाकी संपत आलेली. थांबायची सोय नाही. मान खाली घालायची सोय नाही. उजवा हात स्टीअरिंगवर. डावा हात सीटखाली, त्या बाकदार हत्यारानिशी, न बघता, या टाकीवरून त्या टाकीवर जायला. आणि ती खुंटी अजून दुसऱ्याच टाकीकडे वळलेली. तो डावरा नव्हताच! माझं चुकलं होतं. त्याचा उजवा हात अडकलेला होता. माझ्यासारखा.

आणि मग मला आवाज ऐकू आला. घुटुक. थोडं थांबून पुन्हा घुटुक, मग एकामागून एक, घाईघाईचे, नाकातून दम खात. मी खाली पाहिलं. किती वेळ पाहिलंच नव्हतं! तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून पांढरी धार हनुवटीवर आली होती आणि दुसऱ्या बाजूनं माझा सदरा ओला, दुपटं ओलं. छातीत मुंग्या, बर्फाच्या सुया, गरम काहीतरी सुटल्यासारखं. टाकी रिकामी नव्हतीच. माझीही नाही, गाडीचीही नाही. मला काय ओरडावं कळेना, म्हणून जे होतं तेच ओरडले, “मामा! पान्हा! मामा, पान्हा!”

बाहेर नळ बंद झाला. पावलं पळाली, पण माझ्याकडे नाही, घराकडे. “अगं ए! ऐकलंस का! तिला ते… ते आलं म्हणते!” “काय आलं?” “आता मी काय सांगू! तुमचं ते! जा की लवकर!” मी जिवाच्या आकांतानं ओरडले, “तो नव्हे मामा, तुमचा! तुमचा पान्हा द्या इकडे!” मग शेडच्या दाराबाहेरून, भिंतीकडे तोंड करून बोलत असावेत असा यादीवाल्यांचा अदबशीर आवाज आला, “सूनबाई, मी इकडे बघत नाहीये. पण नेमका कुणाचा?”

“दोन्ही!” मी म्हटलं.

सासूबाई धावत आल्या, चपला न घालता. एका पायरीवर पाय ठेवून त्यांनी आत डोकावलं, मुलीची हनुवटी पाहिली, माझा सदरा पाहिला, आणि रोजचा प्रश्न विचारला नाही. मला वाटतं, पहिल्यांदाच. मग पाठमोऱ्या मामांच्या हातातून ते हत्यार त्यांच्या हातात आणि त्यांच्या हातातून माझ्या हातात आलं. “हे घे बाई. आता ह्यालाही पाजायचंय का?” मी अंगठा खळग्यात ठेवला. बाक सीटच्या चौकटीला बरोबर वळसा घालून गेला, चौकोनी तोंड त्या खुंटीवर बसलं, पेन्सिल बोटांत बसावी तसं. पाव फेरा. कट्. पत्र्याखाली कुठेतरी नळीत घुटुक झालं. मांडीवर घुटुक, खाली घुटुक, आणि बाहेर भिंतीला तोंड करून उभे असलेले दोन म्हातारे कान टवकारून.

इंजिन त्यांनी मी मुलीला घेऊन घराच्या पायरीवर पोचेपर्यंत सुरू केलं नाही, आणि मी दोनदा “थांबा!” म्हटल्यावर दोनदा थांबले. मग ते अकरा मिनिटं चाललं. वरून एक थेंब न ओतता. मामांनी ते स्वतः बंद केलं, कारण त्यांना रडू यायला लागलं होतं आणि ते आवाजात लपत नव्हतं. यादीवाल्यांनी यादीच्या शेवटच्या पानावर, छापील मजकुराखाली, पेनानं एक नवी ओळ आखली. आयुष्यात पहिल्यांदाच यादीत स्वतः भर घालत होते. “काय नाव लिहू?” त्यांनी विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग घसा खाकरला. “लिहा. टाकी बदलायचा…” थांबले. मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, “पान्हा!” सासूबाई म्हणाल्या, “आला हो आला, कळलं सगळ्यांना!”

दुसऱ्या दिवशी काट्यावर वजन फक्त चाळीस ग्रॅमनं वाढलेलं होतं. काट्याला एका दुपारचं काय कळणार? पण सिस्टरनी तिचं पिणं थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि डब्याचा विषय काढला नाही. पुढच्या मंगळवारी दोन नऊशे, त्याच्या पुढच्याला तीन किलो एकशेवीस. वहीतलं मोजणं सुटलं. उरलेल्या पानांवर मी हे लिहितेय. नाकाखाली बोट धरणं मात्र सुटलेलं नाही. वीसच्या ऐवजी आता साठ मोजते, एवढीच प्रगती.

आत्तासुद्धा मी त्याच सीटवर आहे. वही स्टीअरिंगवर टेकवलीय, डाव्या हातात पेन्सिल, उजव्या हातात ती. डोळे मिटलेत, तोंडात अजून धरून आहे, मधूनच झोपेत एक घोट घेते. मी जरा हलले तर जागी होईल. सासूबाई बाजारात गेल्यात. मामा मघाशी जेवून थेट गाडीखाली शिरले, मी नको नको म्हणत असताना. बराच वेळ त्यांचं बेसूर गुणगुणणं चालू होतं, पान्हा खणखणत होता. आता काहीच ऐकू येत नाही. आरशातून त्यांचे फक्त बूट दिसतात, टोकं दोन बाजूंना कललेली. झोपले असतील. नक्की झोपलेच असतील. पण माझे दोन्ही हात अडकलेत. तुम्ही हे वाचत तिथे मोकळेच बसला आहात, तर जरा वाकून बघता का? हाक मारू नका, दचकतील आणि डोकं आपटेल. नुसतं नाकाखाली बोट धरा. साठपर्यंत मोजा, आणि मला हळूच सांगा.